दारापेक्षा मोठा कणगा

टोकावड्याच्या पुढे, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या अंगाला एक निळा लोखंडी कंटेनर उभा आहे. चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद, कडांना गंजाचे पट्टे. तो माझ्या पुतण्याचा, निलेशचा. एका टोकाला खिडकी कापून चहा-भजीचं हॉटेल, दुसऱ्या टोकाला त्याच्या आईची, म्हणजे माझ्या वहिनीची खाट. मी ओळखीच्या माणसांना सांगतो, की हा कंटेनर जपानहून पोहत आला. वाटेत दोनदा बुडाला, एकदा देवमाशाने गिळला, आणि लोखंड पचेना म्हणून मुंबईच्या किनाऱ्याला आणून ओकला. निलेश म्हणतो, "काका, उरणला भंगारात भेटला हो." असेल. पण भंगारातल्या वस्तूकडे कोण वळून बघतो? देवमाशाने ओकलेल्या वस्तूपाशी माणूस गाडी थांबवतो, आणि थांबला की भजी खातो.

परवा गेलो होतो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. निलेशने मागची मोठी दारं उघडली आणि आतून वास आला. तापलेल्या लोखंडाचा, नव्या रंगाचा, आणि तळाच्या फळ्यांत मुरलेला एक परका गोडसर वास. कुठल्या देशात त्यात कोणती फळं भरली होती कोण जाणे. मी आत जाऊन उभा राहिलो. मी उभा होतो तिथे पूर्वी आमची चूल होती. म्हणजे असावी, अंदाजाने. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं म्हणून आणखी थोडा वेळ उभा राहिलो. तरी नाही. मग भजी खाल्ली.

आमच्या घरात माणसांना खोल्या नव्हत्या, पण वस्तूंना घरं होती. खडेमीठ चुलीशेजारच्या काळ्या मडक्यात राहायचं आणि पावसाळ्यात रडायचं. काकडीचं बी शेणाच्या गोळ्यात थापून भिंतीला चिकटवलेलं असायचं, भिंतीला गोवर उठल्यासारखं. वरीचं बियाणं वाळक्या भोपळ्यात. तो हलवला की आत पाऊस पडायचा. दही शिंक्यात. सुके बोंबील पत्र्याच्या गोल डब्यात, आणि त्या डब्यावर आमची मांजर. ती त्या डब्यावर जन्मली, वाढली, तिथेच बाळंत झाली आणि एकदाही तो तिला उघडता आला नाही. मोहाची फुलं टोपल्यात. त्या टोपल्याशेजारी कुणी उगाचच फार वेळ बसत नसे. बसलाच तर गाणं म्हणत उठे.

घराबाहेरही तेच. घाटातल्या बायका करवंदं पळसाच्या द्रोणात विकायच्या. द्रोण एवढासा, पण करवंदांना असा काही उतार द्यायच्या की वाटे डोंगर घेतलाय. घरी येईपर्यंत त्याचं टेकाड व्हायचं. एसटीच्या टपावर कोंबड्यांची डालगी बांधून जायची. आमच्या शेजाऱ्याची एक कोंबडी मुरबाडच्या स्टँडवर अंडं घालून मोकळी झाली आणि कल्याणला डालगं उतरवलं तेव्हा आत पिल्लू चालत होतं. यावर कुणाचा विश्वास बसत नाही. त्या वेळचा रस्ता ज्याने पाहिलाय त्याचा बसतो.

आणि या सगळ्यांच्या मधोमध, माजघरात, चुलीला पाठ देऊन बसलेला कणगा. भात साठवायचा. बांबूच्या कामट्यांचा विणलेला, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेला, खाली दगडांवर फळ्या, त्यावर तो. उंची माणसाच्या डोक्याला लागेल एवढी आणि रुंदी अशी की दोन माणसांनी कवेत घ्यायला जावं तर त्यांची बोटं एकमेकांना भेटत नसत. आमचं दार मात्र अडीच फुटी. वाकून यायचं, वाकून जायचं. त्यामुळे घरात पाहुणा आला, की पाणी प्यायच्या आधी विचारायचा, "हा आत कसा आला हो?"

उत्तर द्यायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन, पण त्या कामात मी तरबेज होतो. एकाला सांगितलं, आधी कणगा होता आणि मग त्याच्याभोवती घर बांधलं. दुसऱ्याला सांगितलं, भोपळ्यासारखा वाढला, आणला तेव्हा तांब्याएवढा होता. तिसऱ्याला सांगितलं, आमचा दादा रोज सकाळी घर उचलून बाजूला ठेवतो. दादा ऐकत बसायचा. पाहुणा गेला की म्हणायचा, "चल रे, चढ." आणि मला काखेत धरून कणग्यात सोडायचा. "आता आत बोल काय बोलायचं ते. आतलं खोटं भाताला लागत नाय."

खरं असं होतं, की कणगा घरातच विणला होता. दादाचं लग्न झालं त्या वर्षी. वरच्या वाडीवरचा सोमादा विणायला आला. सोमादा ठाकूर, दादाच्या बरोबरीचा, बारीक अंगाचा, कानात तांब्याची कडी. खांद्यावर हिरव्या बांबूंचा भारा, कमरेला कोयता. त्याच्याआधी त्याचा वास यायचा, ओल्या बांबूचा, ताज्या चिरलेल्या दुधीसारखा. कामट्या काढताना तो कोयता चालवायचा नाही, बांबूच कोयत्यातून जायचा. सर्र. पुन्हा सर्र. मी सांगतो, की त्याने एकदा अशी पातळ कामटी काढली की तिच्यातून पलीकडचं वाचता येत होतं. वाचता येत नव्हतं, हे मला माहीत आहे. आमच्याकडे वाचायला काही नव्हतंच.

आमच्याकडे कणग्याचं माप फुटात घेत नाहीत. ज्या बाईच्या हातून त्यात पहिलं सूप पडणार, तिला मधे उभी करायची आणि म्हणायचं, दाखव केवढा हवा. ती हात पसरते, तेवढा पैस धरायचा. वहिनीला घरात येऊन चार दिवस झाले होते. हळद उतरली नव्हती. सोमादाने जमिनीवर कोळसा ठेवला आणि म्हणाला, "दाव गो वैनी, केवढा?"

नव्या सुना हात कोपरापर्यंतच उघडतात, लाजून. आमच्या वहिनीने दोन्ही हात पूर्ण पसरले. बांगड्या वाजल्या. पदर घसरला. बोटांची टोकंसुद्धा ताणली.

"आगो, शेत तेवढं हाय का आपलं?" दादा म्हणाला.

"नसंल तर करा," वहिनी म्हणाली.

सोमादा इतका हसला की त्याच्या हातून कोळसा मोडला. मग त्याने वाकून खूण केली, पसरलेल्या बोटांच्या थेट खाली, एक इंचही आत न घेता. सहा दिवस विणकाम चाललं. वहिनी भाकऱ्या करायची आणि कणगा तिच्यामागे वाढत जायचा, गुडघा, कंबर, खांदा. सहाव्या दिवशी सोमादा आतून विणता विणता आतच राहिला आणि त्याला वर ओढून काढावं लागलं. हे मात्र खरं आहे. मी त्याचा एक हात धरला होता.

त्या कणग्याचा तळ कधी दिसू द्यायचा नाही, असा घरात दंडक. नवं भात येण्याआधी जुनं संपत आलं तरी पसाभर आत ठेवायचं, त्यावर नवं ओतायचं. खालचं काढायला घरातलं सगळ्यात लहान माणूस आत सोडायचं. म्हणजे मी. आत गार असायचं. निरगुडीच्या वाळक्या पाल्याचा कडू वास, शेणाचा वास, भाताची कुसं मानेत. वर पाहिलं की आकाशाऐवजी गोल काळं आढं आणि मधे दादाचं तोंड. मी सूप भरून वर द्यायचो आणि आत ओरडायचो. माझा आवाज मलाच चार माणसांचा वाटायचा. पुढे आयुष्यभर मी मोठ्याने बोलत आलो, ते बहुतेक त्या आवाजाच्या शोधात. बाहेर तो तसा लागला नाही.

पुढे मी वाशिंदला कारखान्यात लागलो, पॅकिंगला. तीस वर्षं पुठ्ठ्याची खोकी भरली. 'ही बाजू वर' असा बाण छापलेला, बाजूला फुटक्या ग्लासाचं चित्र. बाहेर कंटेनर लागायचे, खोकी जायची, दारं बंद, शिक्का. आत नेमकं काय असतं ते मी कधी उघडून पाहिलं नाही. लोकांना सांगायचो, रॉकेटचे सुटे भाग.

दादा गेला त्याला दोन पावसाळे झाले. कसा गेला ते इथे नको. दहाव्याला आलेल्या माणसांना मी कोंबडीची गोष्ट सांगितली, आणि ती हसली, आणि मला वाटलं चला, एक काम झालं. घरी परत येताना बसमध्ये झोप लागली. चांगली लागली. त्यानंतर आतून सगळं असं आहे, जशी दाताच्या दवाखान्यातून आल्यावर जीभ असते. आहे, हलते, पण आपली नाही.

या उन्हाळ्यात वहिनीचा फोन आला.

"भावजी, निलेश घर पाडतोय. तो लोखंडाचा डबा आणतोय त्या जागी."

"आणू दे ना वैनी. पावसात गळणार नाय."

"गळू दे नायतर वाहू दे, माजं काय नाय. पण तो कणगा कापाया निघालाय. त्याला सांगा, कणगा आख्खा जाईल तर मी त्या डब्यात येईन. नायतर मी हितंच उन्हात बसेन. मी नि कणगा एकाच आठवड्यात ह्या घरात आलो, भावजी. त्याला भाईर जायला वाट नव्हती, आनि मी बी कदी गेले नाय."

मी म्हणालो, "वैनी, कणगा आख्खा नाय गेला तर मी मिशी उतरवीन."

"तुमाला मिशी कुठं हाय?"

"ठेवीन आणि उतरवीन."

ती हसली नाही. म्हणाली, "सोमादाचा बी निरोप व्हता दिवाळीला. डोळे गेलेत त्याचे, खाली उतरवत नाय. पण माणूस धाडला. कणगा बरा हाय ना, म्हने. त्यानं विणलेले बाकी समदे लोकांनी चुलीत घातले, भावजी. एवडा येकच राह्यलाय."

मी गेलो. निलेश ग्राइंडर घेऊन तयारच होता. पोरगा वाईट नाही. रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या वाढल्यात, त्याला त्याचं दुकान हवं, आईला पक्कं छप्पर हवं. म्हणाला, "काका, मधे एक कट मारतो, दोन भाग. आत नेऊन तारेनं शिवतो. कोणाला कळतंय?"

"तुझ्या आईला."

"मग दारातून काढून दाखवा तुमी."

"दारातून कशाला? कणग्यातून घर काढू."

हे वाक्य मी फेकायचं म्हणून फेकलं होतं, पण बोलून झाल्यावर लक्षात आलं, की ते बरोबर आहे. घर पाडायचंच आहे. मग कणगा हलवायचा कशाला? तो बसू दे जागेवर. घर त्याच्याभोवतून उतरवू. आणि कंटेनरची मागची दारं उघडली की साडेसात फुटांची वाट होते. एवढं मोठं दार त्या कणग्याने जन्मात पाहिलं नव्हतं. निलेशने माझ्याकडे पाहिलं, मला वाटतं पहिल्यांदाच आदराने. मी लगेच सांगून टाकलं, की कारखान्यात असताना मी एक अख्खं विमान असंच खोक्यात घातलं होतं.

दोन दिवस घर उतरत होतं. कौलं हातोहात खाली आली. वासे सुटले. कुडाच्या भिंतींवर पहार पडली, आणि प्रत्येक भिंतीबरोबर एक एक जुना वास उठला आणि गेला. धुराचा, उंदरांचा, सुक्या मासळीचा, पावसाळी गोधडीचा. शेवटचा कोणता होता ते मला ओळखता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं आडवं झालं आणि मधे कणगा उभा. त्याच्यावर पहिल्यांदाच ऊन पडलं होतं. पन्नासेक वर्षांच्या धुराने तो वरून काळा चकचकीत, खाली करडा. आणि लहान. आम्हाला सगळ्यांनाच तो लहान दिसला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका गाडीतल्या बाईने खाली उतरून त्याचा फोटो काढला आणि विचारलं, "ये मंदिर है क्या?" मी हो म्हणालो.

आतलं भात काढायचं होतं. लहान माणूस कुणी नव्हतं. मी म्हणालो, मी उतरतो. वहिनीने माझ्या पोटाकडे पाहिलं. "भावजी, तुमी उतराल, पण मग तुमच्यासकट न्यावा लागंल." आणि शिडी लावून ती स्वतःच उतरली. पासष्टीच्या पुढची बाई, पदर खोचून. आतून सुपं वर येऊ लागली, मी घेऊन चादरीवर ओतत होतो. भात खाली खाली जात तांबूस झालेलं, खालचं तर गुळासारखं. मग सुपं यायची थांबली.

"वैनी?"

मी काठावरून आत वाकलो.

"वैनी, काय झालं?"

"काय नाय," आतून आवाज आला, मोठा, चार बायकांचा. "हितं गार हाय."

मग मी शिडीशी उभा राहिलो. निलेश म्हणाला, "आईला बोलवा ना, ऊन लागेल." मी म्हणालो, "आत ऊन नाय." बऱ्याच वेळाने ती वर आली, आणि तिच्या केसांत कुसं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेन यायची होती. पहाट फुटताच वहिनी उठली, शेजारच्या तीन गोठ्यांतून शेण गोळा केलं, माती मळली आणि कणगा सारवायला घेतला. माझ्या लक्षात आलं तोवर बाहेरून अर्धा झाला होता. आमच्याकडे कुठलीही वस्तू नव्या जागी न सारवता, न पुसता जात नाही. लेक सासरी धाडायची तर न्हाऊ घालतात, तसंच. आधी तिने जुन्या लिंपणावर पाणी शिंपडलं, म्हणजे नवं नीट धरेल. मग एक हात, मग दुसरा हात, मग शिडीवरून आतून. कुठे कसूर नको म्हणून तिसरा हात. कणगा ओला, गर्द, हिरवट काळा, तिच्या बोटांच्या अर्धगोल खुणांनी भरलेला.

"कसा दिसतोय?" तिने विचारलं.

मी फेरी मारली. मागच्या बाजूला, खाली, मी सहज बोट टेकवलं. बोट आत गेलं. अर्धं. पुन्हा जरा बाजूला टेकवलं, तिथेही. आत कामटी नव्हती, भुसा होता. भुंग्यांनी कधीच खाऊन ठेवला होता, आणि इतकी वर्षं नुसतं वाळलेलं शेण उभं होतं, कणग्याचं रूप घेऊन. आता तेही भिजलं होतं.

मला दिसलं होतं. हे मी इथे लिहितो, कारण तिथे कुणालाच सांगितलं नाही. एक दिवस उन्हात वाळू द्या, क्रेन उद्या बोलवा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण वहिनी दोन्ही हात शेणाने माखलेले पुढे धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "वा वैनी, नवरदेव दिसतोय."

क्रेनने कंटेनर तूर्त जुन्या घराच्या बाजूला टेकवला, कणगा आत गेला की घराच्या जागी सरकवायचा होता, आणि दारं उघडली. कणग्याच्या फळ्यांखालून दोन बांबू सरकवले, दोर फिरवला, आणि चार-चार माणसं दोन बाजूंना. मी पुढे, हात हलवत. मला हात हलवायला चांगलं जमतं. "उचला!" कणगा उठला. फळ्यांसकट, गुडघ्याएवढा वर. माणसं चालू लागली. वहिनी बाजूने चालत होती, हात पुढे, लागू नये एवढ्या अंतरावर. सात पावलं. आठ. कंटेनरचं दार समोर उघडं, आतला अंधार मोठा, आमच्या जुन्या माजघरासारखाच. नवव्या पावलाला मागची खालची कड सरकली. मग अंगावरचं वस्त्र सुटावं तसं ते लिंपण खाली उतरलं आणि आतल्या कामट्या सगळीकडून उघडल्या, हळू, थकलेल्या माणसाने पाय लांब करावेत तशा. आठ माणसांच्या मधे नुसत्या फळ्या राहिल्या. वरचा हातभर घेर तेवढा गोल होता. तोही मग एका अंगावर कलला.

त्या वेळी तुम्हाला काय वाटलं, असं मला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. भूक लागली होती.

निलेश डोक्याला हात लावून बसला. माणसं बांबू तसेच धरून उभी, ठेवायचे की न्यायचे ते कळेना. वहिनी पुढे झाली. "बाजूला व्हा रे," ती म्हणाली. "पायाखाली येईल." तिने कामट्या गोळा केल्या, धड वेगळ्या, मोडक्या वेगळ्या. शेणाचे लपके एका बाजूला केले. चादरीवरचं भात निलेशने दोन निळ्या प्लास्टिकच्या पिंपात भरलं. मग तिने केरसुणी घेतली आणि कंटेनरच्या दाराशी गेली. उन्हात बसेन म्हणाली होती. कुणी तिला त्याची आठवण करून दिली नाही. दारात ती थबकली, एक हात डाव्या पत्र्याला लावला, दुसरा उजव्याकडे नेला. पोचला नाही. मग आत गेली आणि झाडायला लागली. लोखंडावर केरसुणी कशी वाजते ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी निघताना ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली.

"भावजी, सोमादाच्या कानावर जाईल."

"जाईल."

"त्याच्याआधी तुमी जावा. त्याला सांगा, आख्खा गेला. जल्मभर इतकं खोटं बोललात, येकदा माज्यासाठी बोला."

दुसऱ्या दिवशी मी वरच्या वाडीवर गेलो. चढ आता जास्त झालाय, त्यांनी डोंगर वाढवलाय. सोमादा ओट्यावर बसला होता, भिंतीला टेकून, पाय लांब. कानातली तांब्याची कडी तशीच. डोळे पांढुरके. मी बोलायच्या आधीच म्हणाला, "फेकाड्या आला वाटतं. पाय ओळखतो मी तुजे, जमिनीला टेकत नायत."

सुनेने पाणी आणलं. मी सुरू केलं. असं सांगितलं, सोमादा, की काय सांगू. घर बाजूला केलं, कणगा जागेवर. क्रेनवाला म्हणाला, असली चीज मी बंदरात पण नाय पाहिली. वैनीनं सारवला, असा सारवला की आरशासारखा, त्यात घाट दिसत होता. अठरा माणसं लागली उचलायला. कंटेनरच्या दारातून असा आत गेला, दोन्ही अंगांना वीत-वीत जागा ठेवून, जसा काही त्याच दाराच्या मापाने विणलेला. वैनीनं त्यात पहिलं सूप ओतलं. गाड्या थांबल्या रस्त्यावर. एका बाईने देऊळ समजून हात जोडले.

तो ऐकत होता. मान जरा तिरकी, ओठ हसरे. माझ्या गोष्टी ऐकताना दादाची मान अशीच असायची. मी थांबलो तेव्हा म्हणाला, "झाक झालं."

"एकदम झाक."

"उचलला तवा आवाज कसा आला रे?"

"म्हणजे?"

"जुना कणगा जाग्यावरनं उठला का आवाज करतो. कामटी कामटीला घासते. समदं अंग बोलतं त्याचं. तुजा दादा नि मी म्हनायचो, ह्याला कवा उचलला तर कसा बोलंल? कवा ऐकलाच नाय. कसा बोलला?"

मी तोंड उघडलं. रेल्वेच्या रुळासारखा, म्हणावं. ढगासारखा, म्हणावं. हजार सुगरणींच्या घरट्यांसारखा. एरवी माझ्याकडे आवाजांची कमी नाही. मी पुन्हा तोंड उघडलं. समोर ते पांढुरके डोळे, आणि त्याची बोटं मांडीवर आपोआप काहीतरी विणल्यासारखी हलत होती, वर, खाली, वर.

"काईच आवाज नाय झाला, सोमादा," मी म्हणालो.

बोटं थांबली.

खाली रस्त्यावर एक ट्रक घाटाला लागला होता. त्याचा गियर बदलल्याचं इथपर्यंत ऐकू आलं. सुनेने विचारलं, चहा टाकू का. आणि टाकलाच. चहा आला, आम्ही प्यायलो. माझ्या नाकातून पाणी यायला लागलं होतं, चढामुळे असेल. मी बाहीला पुसलं.

मी उठलो तेव्हा त्याने हवेत हात फिरवून माझं मनगट शोधलं आणि धरलं.

"वैनीला सांग," सोमादा म्हणाला, "म्हाताऱ्याला पटलं. लय खूश झाला, म्हनावं."

मी उतरून आलो. वहिनी कंटेनरच्या दारात भात पाखडत बसली होती. तिने सूप थांबवलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी तिला तेवढंच सांगितलं. एक शब्द वाढवला नाही.